आदरणीय ताई

दिवाळी सरली की आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्याकडच्या माणसांना मला दरवेळी सांगावं लागतं. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी-जावई, बहिणी, सोयरेधायरे, झाडून सगळे. चौकात दुकानं, दुपारी दंडारीचं लोकनाट्य, घरात वडे आणि कोचईची, म्हणजे अळकुड्यांची, भाजी. माझा धाकटा भाऊ करडी गावात धानाची शेती करतो, मी साकोलीला असते. आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणून मला उरलाय तो एवढा एक भाऊ. दरवर्षी मंडईच्या आधी त्याचा फोन यायचा. नमस्कार नाही की चमत्कार नाही. "ताई, सोमवारी मंडई हाय. येजो." आणि फोन बंद. मी हो म्हणते की नाही, तेही ऐकायचा नाही.

यंदा फोन आला नाही. मेसेज आला.

"आदरणीय ताई, सस्नेह नमस्कार. दीपावलीच्या मंगलमय पर्वानंतर आपल्या गावात संपन्न होणाऱ्या पारंपरिक मंडई उत्सवानिमित्त आपली प्रेमळ उपस्थिती आमच्या कुटुंबासाठी अत्यंत आनंददायी ठरेल. आपल्या नात्याची वीण अशीच घट्ट राहो." मग एक ओळ मोकळी, आणि खाली: "हवे असल्यास हा संदेश मी अधिक भावनिक करून देऊ शकतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अधिक भावनिक म्हणे! म्हणजे ही कमी भावनिक प्रत होती. सख्ख्या बहिणीला मंडईला बोलवायला या माणसाला एआय लागतं? आणि लावलंस तर लाव बाबा, निदान शेपूट तरी कापून पाठव.

हल्ली हा रोगच झालाय. माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेचे यजमान वारले, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोघांनी लागोपाठ सांत्वन लिहिलं. दोघांचं वाक्यन्‌ वाक्य एकच. तिसऱ्याच्या मेसेजमध्ये तर नावाच्या जागी कंसात "दिवंगत व्यक्तीचे नाव" असंच राहिलं होतं. त्या बाईनं त्यालाही हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काय करणार बिचारी. मी मात्र त्या माणसाला फोन करून झापलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या भीतीनंच तर एआयकडून लिहून घेतो. आपलं लिहिलं की तुम्ही चुका काढता." मी त्याला उद्धट म्हटलं आणि फोन ठेवला.

आता भावाचं सांगते. त्याचं-माझं बोलणं वर्षभर बंद होतं. मागच्या मंडईला त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, मुलगा पुण्यात नोकरीला. भाऊ ओसरीवर त्यांच्याशी बोलत होता. "मले असं वाट्टे का पोरीनं शिक्षण पुरं करावं, मंग..." आणि मी मधेच म्हटलं, "मले नाही रे, मला. पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे हसले. भाऊही हसला, पण पुढचं वाक्य त्यानं काही पुरं केलं नाही. पाणी आणतो म्हणून आत गेला तो पाहुणे निघेपर्यंत बाहेर आला नाही. पुढे ते स्थळ जमलं नाही, त्याला कारणं वेगळी होती. मला वाटलं, एका शब्दाचा काय एवढा राग धरायचा? सारा जन्म मी मराठी शिकवली, चूक दिसली की तोंड उघडतं. माझाही इलाज नाही.

तर तो मेसेज वाचून मी फणफणत उत्तर लिहायला घेतलं. चष्मा कपाळावर. फोननं खाली आपणहून तीन तयार उत्तरं मांडून ठेवली होती, हे नवीनच लचांड. माझं बोट कुठेतरी लागलं आणि गेलं: "धन्यवाद! नक्की प्रयत्न करेन."

करेन! अहो, "करीन" आणि "करेन" यावर मी पोरांना पट्टीनं मारलंय. आणि माझ्या नावानं "करेन" गेलं. शिवाय प्रयत्न कसला? माहेरी जायला कोणी प्रयत्न करतं का? पुसायला जावं तर तोवर त्यानं वाचलंही होतं आणि उत्तरही हजर: "आपल्या सकारात्मक प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार." हे काही माझ्या भावाचं बोलणं नव्हतं. सकारात्मक हा शब्द तो जन्मात बोलला नसेल. त्याचं यंत्र आणि माझं यंत्र एकमेकांशी गोडगोड बोलत होती, आणि आम्ही दोघं आपापल्या घरी तोंड फुगवून बसलो होतो.

मग मला अवदसा आठवली. म्हटलं, बघू तरी हे एआय किती शहाणं आहे. भाचरांनी फोनात घालून दिलेलंच होतं. त्याला सांगितलं, आमच्या गावाकडच्या बोलीत भावाला पत्र लिही. त्यानं लिहिलं, "आरं दादा, म्या तुमास्नी सांगतो..." कपाळ माझं! तुमास्नी? भंडाऱ्यात? ही साताऱ्या-कोल्हापुराकडची भाषा, तीही सिनेमातली. मी म्हटलं, झाडीबोलीत लिही. त्यानं माफी मागितली, "तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणालं आणि पुन्हा तुमास्नीच लिहिलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी मी चिडून त्याला स्वतःच लिहून दाखवायला बसले आणि दोन ओळींत अडकले. मलाही धड लिहिता येईना. फोन उशीखाली सारला आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "आत्या, तू येऊन राहिली का नाई? बाबा मले दहा खेप विचारते, प्रयत्न म्हंजे काय मनून."

मी तिच्यावरच घसरले. "तुझ्या बापाला दोन शब्द बोलायला तोंड नाही का? तो मेसेज तूच लिहून दिलास ना?"

"मीनंच देल्ला. पण पयले त्यानंच आवाज भरला होता वो फोनात. चारदा भरला, चारदा पुसला. पयले 'येजो' मने, मंग 'येशील' मने, मंग 'यावे' मने. आखरीले मले मने, तू त्या मशीनले सांग, ताईले शुद्ध लागते. आपल्यानं नाई होत."

ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघाले. वाटभर मनाशी घोकत होते, गेल्या गेल्या त्याला म्हणायचं, चुकलं रे माझं. पोचले तेव्हा अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. भाऊ मधोमध उभा राहून कोणा सोयऱ्याला ओरडत होता, "काहून गा, येवढा उशीर? वडे थंडे होऊन राहिले ना! बस, बस!" सगळे हसत होते. वर्षभरानं त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्यानं मला पाहिलं. सदरा नीट केला. जवळ आला, वाकून पाया पडला. "ये ताई," तो म्हणाला. शेताच्या ओल्या धुऱ्यावरून चालावं तसा एकेक शब्द जपून टाकत होता. "तुला प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना? मला वाटलं, तू येणार नाहीस."

मला, तुला, नाहीस. एकही चूक नव्हती.

घोकलेलं सगळं विसरले. वाटलं, माफी नंतर मागू, आधी ह्याच्याशी ह्याच्या बोलीत बोलू. लहानपणी मीही हेच बोलत होते की! म्हटलं, "मले कायले तरास होते गा? तू बरा हायस ना?" पण कोण जाणे कुठून, आवाज वर्गातलाच निघाला. पोरांना वाचून दाखवावं तसा. "हायस" बरोबर की "हास", तेही आठवेना.

अंगणातलं हसणं थांबलं. भाचीनं मान खाली घातली.

भावानं माझ्या हातातली पिशवी घेतली. "ताई," तो हळूच म्हणाला, "माझी थट्टा करतेस का?"