काशम्मा आणि माळावरचं गवत

काशम्माचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप ती आधी उपडं करून बघे. चटणीसाठी शेंगदाणे घेताना मूठभर चावल्याशिवाय पोत्याचं तोंड बांधू देत नसे. नवऱ्यामागे याच शेंगाचटणीवर तिने विरुपाक्षाला सोलापुरात कॉलेज दाखवलं होतं.

मग विरुपाक्ष संध्याकाळी स्टेशनाकडच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरांकडे जाऊ लागला. सकाळी ती उखळात चटणी कुटू लागली की तो भिंतीला टेकून पुटपुटे, "हर्बा, हर्बे, हर्बाम..."

"कसला जप रं ह्यो?"

"लॅटिन आहे, अव्वा. गवत उगवलं तर हर्बा, गवताचा रंग सांगायचा तर हर्बे, गवत उपटलं तर हर्बाम. कुंभारीच्या माळावर मला एक गवत सापडलंय, कुठल्याच पुस्तकात नाही. त्याचं वर्णन लॅटिनमध्ये दिलं, तरच जग मानतं."

जगाला गवताचं काय पडलंय, हे काशम्माला कळेना. शेजारची तानाबाई म्हणाली, "असंच बाटवत्यात की! आदी शिकिवत्यात, मग नाव बदलत्यात. पोराच्या गळ्याकडं ध्यान ठेव, काशम्मा."

काशम्माने ध्यान ठेवलं. आणि एका संध्याकाळी देवळीत तिला विरुपाक्षाची चांदीची डबी दिसली. मुंजीच्या वयाचा असताना लिंगायत दीक्षेत मिळालेलं लिंग त्या डबीत घालून तो गळ्यात बाळगत असे. ते देहावेगळं करायचं नसतं. पोर ते घरी ठेवून फादरांकडे गेलं होतं!

डबीला तिने हात लावला नाही. पदर खोचून तडक चर्च गाठलं.

व्हरांड्यात विरुपाक्ष डोलत म्हणत होता, "एस्त, एरात, एरित..."

"आता ह्ये काय?" तिने दारातूनच विचारलं.

"आहे, होता, असेल," फादर उठून उभे राहत म्हणाले. "या बाई, बसा."

"बसायला न्हाय आले. माझ्या लेकाचं काय म्हनायचं तेवढं सांगा. हाय का होता?"

विरुपाक्षाने तिच्याकडे बघितलं आणि शर्टाचं बटण सोडलं. गळ्यात पांढऱ्या वस्त्राच्या गाठीत लिंग होतं.

"डबीची कडी तुटली, अव्वा. रिकामी आहे ती. उघडून तरी बघायचीस."

"दुसऱ्याचं लिंग उगडून बगत्यात व्हय?"

फादर हसले नाहीत. काशम्माने पुढे होऊन गाठ ओढून बघितली. घट्ट होती. तरी सोडून पुन्हा स्वतःच्या हाताने बांधली आणि पायरीवर बसकण मारली.

"चालू द्या तुमचं. मी हाय हितं."

त्यानंतर ती रोजच येऊ लागली. सुपात दाणे निवडत बसे, फादरांनी दिलेला चहा निवू देई.

पुढे ते वर्णन छापून आलं, तेव्हा तिने विरुपाक्षाला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावलं. हर्बा तेवढं ओळखीचं निघालं. बाकीच्या शब्दांवर तिचा संशय कायम राहिला.