अकरा सेकंद

मामा मस्कतहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला, तेव्हा मी बारावीत होते. त्याच्याच कंपनीतल्या एका मुलाचं स्थळ त्यानं ताईसाठी सुचवलं होतं. मुलाला इतक्यात रजा नव्हती, म्हणून ताईची कॅसेट काढून न्यायचं ठरलं. रविवारी मामा परत जाणार होता. "क्रमानं काढत जा. चुकलं तर मागे घे आणि त्यावरच पुन्हा काढ," एवढं शिकवून तो पाहुण्यांकडे फिरायला गेला. कॅसेट एकच होती, आणि काटछाट करायला कॉम्प्युटर तेव्हा आमच्या अख्ख्या मखमलाबादात कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

मी आधी घर काढलं, मग ओट्यावर बसलेली ताई, शेवटी आई आणि आप्पा. ताई सातपूरच्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. ती लाजत म्हणाली, "मला, म्हणजे घरच्यांची हरकत नसेल तर, लग्नानंतरही नोकरी करायला आवडेल."

शुक्रवारी आप्पांनी टीव्हीवर सगळं पाहिलं. "ते नोकरीचं काढून टाक."

"मधलं काढता येत नाही, आप्पा. त्यावर दुसरं काहीतरी घ्यावं लागतं."

"मग आपले गुलाब घे."

घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. बटण उशिरा बंद केलं असतं, तर पुढचं आप्पांचं बोलणं गेलं असतं. तीन वेळा नुसतीच तालीम केली. शेवटी गुलाबाच्या वाफ्यासमोर श्वास रोखून अकरा सेकंद उभी राहिले. लावून पाहिलं, तर ताईचं "मला" एवढंच उरलं होतं आणि लगेच गुलाब डुलत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं कशात लक्ष लागेना. ताई कामावरून आली तशी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं.

"किती सेकंद?"

"अकरा."

माझं घड्याळ हातात घेऊन ती अंगणात येरझाऱ्या घालत पुटपुटत राहिली. मग येऊन ओट्यावर बसली. "घे."

"मी नोकरी सोडणार नाही. काम मला आवडतं. चालत असेल तरच पुढे बोलू." उरलेले चार सेकंद ती नुसती कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी आप्पा म्हणाले, "एकदा लाव बघू." ती जागा आली.

"फुलं कुठायत?"

"मी काढून टाकायला लावली," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"मागे घे," आप्पा मला म्हणाले. मला वाटलं, आता पुसायला लावणार. त्यांनी ते दोनदा पाहिलं. तेवढ्यात दारात मामाची रिक्षा वाजली. आप्पांनी स्वतः टीव्हीची वायर काढली आणि कॅसेटसकट कॅमेरा पिशवीत ठेवला.

पुढचे तीन आठवडे फोन वाजला की मी धावायचे, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी निघायचा. शेवटी मामाचा आला. मुलाला चालत होतं, त्याच्या आईला नाही. "बरं झालं, आधीच कळलं," आप्पा म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या बसनं सातपूरला गेली. दोन वर्षांनी तिचं लग्न नाशकातच झालं. नोकरी चालू राहिली.

तिला न विचारता मी तिच्या बोलण्यावर गुलाब घेतले होते. त्याबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही. माझाही विषय काढायचा धीर झाला नाही.