आबांच्या खोलीचा पाया

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीचं हाड मोडलं, त्यानंतर त्यांनी तापीकाठच्या गावात एकट्याने राहू नये हे सगळ्यांना पटलं होतं. सगळ्यांना म्हणजे मला, माझ्या यजमानांना आणि सुरतला असलेल्या भावाला. आबांना नाही. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. आमचं शहाद्याचं घर बैठं, पण लहान; मागे मात्र मोकळी जागा होती. तिथे न्हाणीसह एक खोली काढायचं आम्ही ठरवलं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "आंडेरना घर जाईसन ऱ्हावानं? लोके काय म्हनतीन?"

लेकीकडे चार दिवस पाहुणा म्हणून राहावं, त्याहून जास्त नाही, असा त्यांचा नियम. मी वाद घातला नाही. राहायला नका येऊ, जागा बघायला तरी या, एवढंच म्हटलं. जमीन बघायला बोलावलं तर आबा नाही म्हणत नाहीत.

ते आले तेव्हा भर उन्हाळा होता. मागच्या अंगणातली काळी जमीन अशी फाटली होती की त्यांच्या काठीचं टोक भेगेत अडकत होतं. इंजिनिअर म्हणून आम्ही जिला बोलावलं ती माझीच शाळेतली जुनी विद्यार्थिनी. ती अंगणात जाण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि चौकटीवरच्या तिरक्या फटीकडे बघू लागली.

"मॅडम, ही पावसाळ्यात मिटते?"

"मिटते. दर वर्षी मी बुजवून घेते, दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते."

"मग आधी खड्डे घेऊ. नकाशा नंतर."

दोन खड्डे खणले. एक कुंपणाजवळ, एक घराच्या भिंतीला लागून. कुंपणाजवळच्या खड्ड्यात वर कोरडी काळी ढेकळं, खाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळसर माती आणि त्याखाली पक्का मुरूम. भिंतीजवळच्या खड्ड्याची गोष्ट वेगळी होती. ऐन उन्हाळ्यात त्याची एक बाजू ओली, चकचकीत. माती कुदळीला चिकटून येत होती. इंजिनिअरने ढेकूळ नाकाशी नेलं आणि ती हसली. साबणाचा वास येत होता. आमच्या न्हाणीचा पाइप जमिनीत फुटलेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आबांनी खुर्चीवर बसूनच ती माती मागून घेतली. तळव्यांत घासत घासत तिची लांब वात केली. वात तुटली नाही.

"हाई माटी पानी पेस," ते म्हणाले, "आनि पेस तशी फुगस."

"आम्हीही असंच बघतो, आबा," ती म्हणाली. "आता किती फुगते ते बघू."

तिने कुंपणाकडची कोरडी माती कुटून, चाळून दोन उंच काचेच्या नळ्यांत सारखीच घातली. एकीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती नळी तुलनेसाठी. नळ्या आमच्या ओट्यावर ठेवून, उद्या येते म्हणून ती गेली. आबांनी संध्याकाळपर्यंत कितीदा आत येऊन डोकावलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती दारात दिसताच त्यांनीच सांगितलं, "पानीवाली फुगनी. रॉकेलवाली जठेनी तठे."

मग अंगणात बसून तिने सगळं समजावलं. आधी पाइप बदलायचा. पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही, मुरुमापर्यंत न्यायचा. जोत्यात निघालेली माती परत भरायची नाही, मुरूम भरायचा. आणि नवी खोली जुन्या भिंतीत बांधून घ्यायची नाही. पायापासून स्लॅबपर्यंत मधे बोटभर फट. जुनं घर हलतं, त्याने नव्याला ओढू नये.

आबा पुढे सरकले. "म्हंजे पाया न्यारा?"

"वेगळा."

"भिंत बी न्यारी?"

"तीही वेगळी, आबा. फक्त शेजारी."

मी चहा आणायला उठले तेव्हा मागून आबांचा आवाज आला, "दार अंगनकडे काढजो, बरं का. आनि मन्ही खाट खिडकीजोगे." मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि साखर घालायची विसरले. यजमानांनी तो चहा निमूटपणे प्यायला.

जोतं पावसाआधी झालं. दसऱ्यानंतर आबा खाट, कपड्यांची पेटी आणि आईचा फोटो घेऊन आले. गावाकडून कुणी भेटायला आलं की ते आधी त्याला बाहेरून फिरवून दोन्ही भिंतींमधली जागा दाखवतात, मग आत बसवतात. कुणी काही म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर इंजिनिअर स्वतःहून आली. खोलीच्या चारही भिंतींवरून तिने हात फिरवला. कुठे केसाएवढीही रेघ नव्हती. तिला एकच गोष्ट खटकली. पाया खणताना निघालेल्या काळ्या मातीवर आबांनी भिंतीला लागूनच मिरच्या लावल्या होत्या आणि रोज पाणी घालत होते. भिंतीलगत पाणी मुरायला नको, हे तिने त्यांना नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी यजमानांनी टोपल्या भरभरून ती माती मिरच्यांसकट कुंपणापाशी नेली, आणि आबा खुर्ची तिकडे घेऊन बसले.