लाल पेन्सिलीचा गोल

"तू आहेस ना रे?"

प्रत्येक अंकाचा पडदा उघडायच्या आधी ती विंगेत येऊन माझं मनगट धरायची आणि हे विचारायची. माझा घेर लक्षात घेता मी न दिसणं कठीणच होतं. तरी विचारायची. बोटं बर्फासारखी गार.

तुम्हीही तिला टीव्हीवर पाहिलं असेल. सोफ्यावर नायिका रडत असते आणि मागे चहाचा ट्रे घेऊन कुणी आत्या उभी असते, ती आमची ताई. आमच्याच गल्लीतली, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मुंबईत आधी नाटकं केली, मग मालिका. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आईच्या आजारपणात रत्नागिरीला परतली आणि आमच्या हौशी मंडळाने तिला नाटकात ओढलं. मी तिथे प्रॉम्प्टर, विंगेतून अडलेली वाक्यं पुरवणारा. मला अभिनय जमत नाही, हे मंडळाने माझ्या पहिल्याच भूमिकेनंतर एकमताने ठरवलं होतं.

तिची भीती तिने मला एकट्याला सांगितली. "कॅमेऱ्यासमोर अडलं की पुन्हा करतात रे. पाच-पाच ओळी पाठ करून इतकी वर्षं काढली. आता अख्खं नाटक डोक्यात राहत नाही. एकदा जरी अडले, तरी पुन्हा स्टेजवर पाय ठेवायची नाही मी."

पहिला प्रयोग मालगुंडला, देवळाच्या उत्सवात. मुलगा घर सोडून निघालाय, आई झालेली ताई त्याच्याकडे बघत्येय. ती गप्प झाली. ती अडली असं वाटून मी विंगेतून ठणकावलं, "जा, पण मागे वळून बघू नकोस!" शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मेल्या, तो पॉज होता माझा!" आत आल्यावर ती म्हणाली. "लोकांना वाटलं, गाभाऱ्यातून देवच बोलला!" हसत हसत तिने माझ्या संहितेत त्या जागी लाल पेन्सिलीने गोल काढला. "गोल दिसला की तोंड बंद."

दुसरा प्रयोग रत्नागिरीत, स्पर्धेचा. तीच जागा आली. ती गप्प झाली. मी आज्ञाधारकपणे गोलावर बोट ठेवून बसलो. थिएटरात पंख्यांचा तेवढा आवाज. मुलगा झालेला शाळामास्तर बॅग घेऊन ताटकळला. ताईने मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले. काय अभिनय, असं मला वाटलं! मग तिची हनुवटी थरथरली, आणि ती थरथर नाटकातली नव्हती. वाक्य माझ्या बोटाखालीच होतं. पण आता माझीच जीभ टाळूला चिकटली.

शेवटी मास्तरच "येतो गं आई" म्हणून निघाला आणि अंक संपला. टाळ्यांचा कडकडाट. एक परीक्षक चक्क डोळे पुसत होते.

मी शिव्यांची वाट बघत होतो. ती मेकअपच्या खुर्चीत पदराचं टोक पिळत बसली होती.

"ताई, गोल होता गं तिथे."

"हो रे. मीच काढलेला." मग अगदी हळू, "सगळं पांढरं झालं होतं. तुझं तोंड तेवढं दिसत होतं. मिटलेलं."

नाटकात ती पुन्हा उभी राहिली नाही. आई गेल्यावर घराला कुलूप घालून मुंबईला गेली.

दोन-तीन वर्षांनी एका मालिकेत दिसली. अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली सासू. एकही वाक्य नाही. सून पायाशी रडत होती आणि ताई नुसती बघत होती.

"काय सुंदर करत्येत हो!" बायको म्हणाली.

ताईचे डोळे सावकाश बाजूला वळले. ती काही बोलणार नाही हे ठाऊक असूनही मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवत राहिलो.