जावयाला हरवायचं नाही म्हणे

गेल्या पोळ्याची दुपार. प्रत्येकी पाचशे, म्हणजे डावात एकूण दोन हजार रुपये. बसलेले चौघे: मी, माझी बायको, देवळीहून आलेला तिचा भाऊ आणि आमचा नवा जावई. मुलगी बाजूला चहाचं बघत होती.

पोळ्याला आमच्या घरी पत्ते निघतातच. या वेळी तीन पत्तीऐवजी जावयानं पोकर शिकवलं. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्याची शिकवण सरळ होती. पत्ते हलके असले तर सुरुवातीलाच पॅक करायचं, चांगले असले तर जोरात लावायचं, आणि ‘समोरच्याकडे काय आहे बघू’ म्हणून पैसे टाकायचे नाहीत. हे मला तेव्हा पटलं, आजही पटतं.

दोन तासांत त्याच्यापुढे चौदाशे आणि माझ्यापुढे दोनशे. त्यानं लावले की बायको आणि साळा दोघं पॅक. त्यावरून त्याचे पत्ते भारी असणार असा हिशेब करून मीही पॅक. मग एकदा तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा साळ्यानं टाकलेले पत्ते मी सहज उलटले. राजाची जोडी!

“अरे, ही टाकतोस?”

“जवाई हाय भाऊजी. पोळ्याच्या दिवशी त्याले हरवून पाठवू का?”

बायकोला विचारलं, तर ती हसली. “मी तं पत्ते पाह्यतच नाई.”

माझं डोकं फिरलं. दोन तास मी ज्यावरून हिशेब करत होतो, ते सगळं खोटं! मान द्यायचा तर ताटात पुरणपोळी जास्त वाढा. खोटा डाव कशाला?

तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, दिवाळीत हे दोस्तांमधी खेळणार हायेत. माझ्या बी.एड.च्या फीचे वीस हजार घेऊन. म्हणतात, आता हात बसला.”

हात बसला! या दोघांच्या भलेपणावर!

तो परत आल्यावर त्यानं पुन्हा जोरात लावले. माझ्याकडे सत्तीची जोडी होती. मी उरलेले सगळे लावले.

“मामाजी, इथं पॅक करायचं असतं,” जावई मला म्हणाला.

“पत्ते दाखवा.”

नव्वी आणि चौकी. टेबलावरच्या एकाशीही जुळत नव्हत्या. पुढचे दोन डावही असेच गेले. पत्त्यांनी मला साथ दिली, हे मी नाकारत नाही. पण रिकाम्या हातानं लावत तोच होता. तिसऱ्या डावात त्याचे सगळे संपले.

“अवो, जवायाचे पैसे घेऊन राह्यले! लोकं काय म्हणतीन?” बायको ओरडली.

“मघाशी फोनवर जायच्या आधी तो मोठा डाव मी जिंकलो,” जावयानं साळ्याला विचारलं, “तेव्हा तुमच्याकडे काय होतं मामा?”

साळा पंख्याकडे बघत म्हणाला, “राजाची जोडी.”

जावई बराच वेळ पत्ते पिसत बसला. मग मुलीकडे न बघता म्हणाला, “फी कधीपर्यंत भरायची आहे?”

निघताना बायकोनं सांगितलं तसे आहेराचे पाचशे एक मी त्याच्या हातावर ठेवले. ती रीत आहे, मला मान्य आहे. डावातले सोळाशे साठ, त्यात साठ बायको आणि साळ्याचे, मात्र मी ठेवून घेतले. त्यावरून ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

फीचे वीस हजार जावयानं दसऱ्याआधी भरले, मुलीच्या कॉलेजात.