चुलतभावाचा प्रयोग

येळ्ळूरच्या मष्णूनं बेळगावातल्या एकाच कारखान्यात लेथवर बावीस वर्षं काढली. त्याचा चुलतभाऊ परशराम मात्र कुठंच टिकला नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली केली, ट्रकवर क्लीनर झाला, कॅम्पातल्या बेकरीत पाव भाजले, मग लग्नाच्या बँडमध्ये झांजा वाजवल्या. त्या बँडच्या मालकाकडून हातचलाखीचे चार खेळ शिकला आणि जादूगार झाला. आता पोस्टरवर त्याचा फेट्यातला फोटो असे. तो दिसला की मष्णूच्या पोटात दुखायचं.

निपाणीतल्या प्रयोगाला बायको रूपालीनं मष्णूला ओढतच नेलं. रिकाम्या मुठीतून रुमाल निघाले तशी ती तोंडावर पदर धरून हसली. आपल्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, हे मष्णूला आठवेना. तो हाताची घडी घालून बसून राहिला.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "रुमाल बाहीत असतात गं. मला दिसले."

"मलाबी दिसले," रूपाली म्हणाली. "तुम्ही हसला न्हाय, म्हणून त्यो सारखा तुमच्याकडंच बघत हुता. लई घाबरलता बिचारा."

एवढ्या लोकांत परशरामनं आपलंच तोंड बघावं, याचं मष्णूला बरं वाटलं आणि मग लाजही वाटली. संकेश्वर मागं पडल्यावर त्यानं फोन लावला. "खेळ चांगला झाला रं," एवढंच म्हणाला. पलीकडून परशराम आनंदानं भराभर बोलत होता. मष्णूच्या मनात मात्र बायकोचा तो 'बिचारा' अजून टोचत होता.