धुतलेलं हेल्मेट

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी ठेक्यावर लागलो तेव्हा हेल्मेटं कमी होती. दोन पाळ्यांतल्या दोघांत मिळून एक. पहिली पाळी सुटली की आधीचा माणूस डोक्यावरचं काढून आपल्या हातात द्यायचा, गरमागरम.

सुरुवातीला माझा जोडीदार केडगावचा, आमच्याच भावकीतला. गडी डोक्याला वाटीभर तेल थापायचा. हेल्मेटच्या आतली पट्टी नुसती चिकचिकायची. तरी मी तसंच डोक्यात घालायचो. धुवायचं कधी सुचलंसुद्धा नाही.

मग पाळ्या बदलल्या आणि जोडीला मामा आले. वयानं माझ्या बापाएवढे, दौंडजवळच्या एका गावातल्या बौद्धवस्तीत राहणारे. मला 'बाळा' म्हणायचे. आणि त्यांच्याकडून हेल्मेट घेतलं की माझे पाय आपोआप नळाकडं वळायला लागले. आतली पट्टी काढायची, साबण लावून खसाखसा घासायची, फडक्यानं पुसायची, मग डोक्यात. आपोआप कसले वळतायत! मला सगळं कळत होतं. वर कँटीनमध्ये मीच छाती ठोकून सांगायचो, "जातबित आपन मानत न्हाई."

सुरक्षा सप्ताहात साहेबांनी माझंच नाव पुकारलं. हेल्मेटची सगळ्यात चांगली निगा राखणारा कामगार! चार शब्द बोल म्हणाले. मी माइक धरून दिलं ठोकून: घामानं पट्टी कुजते, कपाळाला खाज सुटते, थिनर लावू नका, साध्या साबणानंच धुवा. टाळ्या पडल्या. मामा पुढंच बसले होते. त्यांचे हात मांडीवरच राहिले, ते नुसते माझ्याकडं बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बक्षिसाचा स्टीलचा डबा धरून मी फोटोला हसलो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मामा आधी नळावर गेले. पट्टी धुतली, पुसली आणि हेल्मेट माझ्यापुढं धरलं.

"घ्या. धुतलंय."

'बाळा' गेलं ते गेलंच.

मग हे रोजचंच झालं. धुण्यात वेळ जायचा, कंपनीची बस निघून जायची आणि मामा हायवेला वडापच्या जीपची वाट बघत उभे राहायचे. प्लांटच्या जिन्यावरून मला दिसायचे. 'नका धुऊ' एवढे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. लाज वाटायची, खरंच वाटायची, पण धुतलेलं हेल्मेट डोक्यात घालताना बरंही वाटायचं. आज हे लिहितानासुद्धा स्वतःची शिसारी येते.

पुढं प्रत्येकाला आपापलं हेल्मेट मिळणार असं ठरलं. वाटपाच्या आदल्या दिवशी मी मामांच्या आधी नळापाशी जाऊन उभा राहिलो. आज नाही बोललो तर कधीच नाही.

"मामा, राहू द्या आता. घामच हाय की."

मामांनी नळ सोडला. पट्टीला साबण लावत, मान वर न करता म्हणाले, "व्हय. पयल्या दिशीबी घामच व्हता."